अनुभव धागा : कुवेत, १९९० – मुले कडेवर आणि मैत्रिणी सोबत

२ ऑगस्ट १९९०च्या पहाटे इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय राहत होते आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती. बसरा, बगदाद, मग वाळवंट ओलांडून अम्मान आणि तेथून विमानाने मुंबई, असा बहुतेकांचा परतीचा मार्ग होता. एअर इंडियाने त्यासाठी ४८८ उड्डाणे केली. विमाने आणि मुत्सद्दी यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. पदरी लहान मूल असताना त्या दिवसांतून गेलेल्या बायकांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, त्या काळात आपल्याला तगवणाऱ्या मैत्रिणीविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. खाजगी नावे कृपया टाळावीत.

हवल्ली, आता पुणे

आम्ही कुवेतच्या हवल्ली भागात राहत होतो. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि वरच्या दुधावर होती. पहिल्या आठवड्यातच जमियातल्या, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानातल्या, फळ्या रिकाम्या होऊ लागल्या आणि दुधाच्या पावडरीचा डबा मिळेनासा झाला. समोरच्या दारी राहणारी पॅलेस्टिनी शेजारीण मूळची गाझाची होती. एरवी आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत, जिन्यातल्या जिन्यात होत असे. तिने आपल्या धाकट्याचे दूध अर्ध्यावर आणले आणि उरलेली पावडर एका बरणीत भरून मला आणून दिली. मी नको म्हणत होते, पण ते तोंडदेखलेच होते आणि तिलाही ते कळत होते.

निघण्याच्या आदल्या रात्री मी बॅगेत चांदीची भांडी भरत होते. ती बाजूला बसून पाहत होती. तिने ती भांडी शांतपणे बाहेर काढली आणि मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड व माझे लग्नाचे प्रमाणपत्र मागून घेतले. ते सगळे तिने प्लास्टिकच्या पिशवीत घातले, बाळाच्या उशीची शिवण उसवली, पिशवी कापसात दडवली आणि बारीक टाके घालून उशी पुन्हा शिवून दिली. बाळाची उशी कोणी हिसकावत नाही, असे ती म्हणाली. १९४८ साली तिच्या आईने घर सोडले होते आणि कागद नसले की पुढे काय होते, हे ती आईकडून ऐकतच वाढली होती.

आम्ही मुंबईला पोहोचलो. ती कोठे जाणार होती? तिच्याजवळ इजिप्तने दिलेले प्रवासपत्र होते आणि त्यावर इजिप्तमध्येही राहता येत नसे. युद्धापूर्वी कुवेतमध्ये चारेक लाख पॅलेस्टिनी होते. त्यांच्या नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली, त्याचा राग १९९१नंतर सरसकट सगळ्यांवर निघाला आणि त्यांतल्या बहुतेकांना देश सोडावा लागला. माझ्या पत्रांना उत्तर आले नाही. माझी मुलगी आज स्वतः आई आहे, आणि ते दूध नेमके कोणाच्या वाट्याचे होते, हे मी तिला स्पष्ट सांगितले आहे.

चिपळूण

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन माहेरी आले होते आणि यजमान कुवेतमध्ये अडकले होते. फोन बंद होते. कुवेतच्या फर्वानिया भागातली माझी मैत्रीण अशीच मुंबईत माहेरी होती. तिचे यजमान सप्टेंबरच्या सुरुवातीला सुखरूप परतले, तरी ती सहारच्या विमानतळावर जात राहिली आणि अम्मानहून आलेल्या प्रत्येकाला माझ्या यजमानांचे नाव विचारत राहिली. ते पोहोचल्याची बातमी मला तिच्याच तारेने कळली.

सालमिया (कुवेत), आता ठाणे

माझा मुलगा त्याच ऑगस्टमध्ये जन्मला. परिचारिका बहुतेक केरळच्या होत्या आणि त्यांच्यापैकी एक शेवटपर्यंत माझी मैत्रीण राहिली. तिची दोन्ही मुले कोट्टायमला आजीकडे होती. आपली कामाची पाळी संपल्यावरही ती माझ्या खाटेजवळ बसे, कारण बाहेर चौक्यांवर काय चालले आहे याचा भरवसा नव्हता. इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधून बाळे काढून टाकल्याची कहाणी त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींसमोर सांगितली गेली आणि पुढे ती खोटी ठरली. युद्धासाठी लोकमत वळवायला बाळंतिणीची भीती किती सोयीची असते, याचा मला आजही संताप येतो. लुटालूट खरी होती आणि औषधांची टंचाईही खरी होती. तेवढे सांगणे पुरेसे नव्हते काय?

तेव्हा इयत्ता चौथी, आता नाशिक

इराक आणि जॉर्डनच्या सीमेवरच्या छावणीत आम्ही काही दिवस होतो. दिवसा तंबूत श्वास कोंडे आणि रात्री हुडहुडी भरे. पाण्याचा टँकर आला की झुंबड उडे. मी आणि आई रांगेत उभे राहत असू आणि एक श्रीलंकन बाई माझ्या धाकट्या भावाला सांभाळत असे. ती कुवेतमध्ये एका घरी मोलकरीण होती. घरधनी पळून गेले होते आणि तिचा पासपोर्ट त्यांच्याकडेच राहिला होता. आपली मुलगी माझ्याएवढी आहे, असे तिने हातवारे करून सांगितले आणि माझी वेणी घालायला घेतली. आईला ते आवडले नाही, हे मला स्पष्ट दिसले. दुसऱ्या दिवशी मात्र आईनेच मला कंगवा देऊन तिच्याकडे पाठवले. आमची पाळी आधी लागली. पासपोर्ट नसलेल्यांची चौकशी लांबत असल्यामुळे ती मागे राहिली. निघताना आईने आमच्याकडची पाण्याची एकमेव कॅन तिला दिली आणि त्यावरून बाबा बसमध्ये आईशी भांडले.

पुन्हा हवल्ली, आता पुणे

वरचा अनुभव वाचून थोडी भर घालते. १९९२ साली आम्ही कुवेतला परतलो, कारण यजमानांची नोकरी पुन्हा सुरू झाली होती आणि आमचे पासपोर्ट चालत होते. मुलीला बालवाडीत घालताना तोच जन्मदाखला लागला. समोरच्या फ्लॅटमध्ये एव्हाना दुसरे कुटुंब राहायला आले होते.