रात्री सायकलनं वेंगुर्ला: घाट अंधारात उतरावा काय?

शनिवारी रात्री दहाला बेळगावजवळच्या हिंडलग्यातनं आठजण निघणार. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, मग समुद्र. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. माझी सायकल जुनी, चाकाच्या रिमवर घासणाऱ्या रबरी ब्रेकची. आंबोलीचा घाट अंधारात उतरू काय?

– नको रे बाबा! गेल्या खेपेला मी ब्रेक दाबूनच धरला होता, खाली येऊन रिमला हात लावला तर बोट चटकलं. दहाऐवजी बाराला निघा, उजाडल्यावर उतरा. ब्रेक दाबत-सोडत, दोन्ही वापरून.

– धुकं असलं तर दिवा खाली रोखा की, नाहीतर उजेड उलटा डोळ्यांवर येतोय.

– बरं, बाराला. आई दशम्या बांधून देणार हाय. घाटाचं तिला अजून सांगितलेलं नाही.