ज्युरीचं एकमत झालं नाही, आता प्ली डील घ्यावं का? (तातडीचं)

मृण्मयी_व्हीए: लवकर सांगा कुणीतरी, सोमवारी उत्तर द्यायचंय. भावाची केस. स्वसंरक्षणात एकाला जखमी केलं, ज्युरी तीन दिवस बसली, एकमत नाही, मिसट्रायल, म्हणजे खटला निकालाविना संपला. आता सरकारी वकील म्हणतोय कबुली द्या, गुन्हा कमी करतो, तुरुंग नाही, सही करा. आई म्हणते करून टाक नि सुट. घ्यावं का?

खडूस_काका: कुठलं राज्य? कलम काय? झालं काय? पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारताय ताई.

मृण्मयी_व्हीए: व्हर्जिनिया. पार्किंगमध्ये टायर बदलत होता, एकाने मागून गळा धरला. ह्याने हातातला पाना मागे फिरवला, त्याचा जबडा मोडला. ह्याचा फुटका चष्मा अजून पुराव्याच्या पिशवीत आहे. मॅलिशस वूंडिंग (दुष्ट हेतूने जखमी करणं) लावलं होतं, ५ ते २० वर्षं. आता त्याहून हलकं अनलॉफुल वूंडिंग म्हणतायत.

सातारी_वकील: भारतात प्ली बार्गेनिंग २००६ पासून. ७ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मिळत नाही.

ट्रेंटनकर: साहेब, व्हर्जिनिया!

सातारी_वकील: ज्युरीचं म्हणाल तर मुंबईच्या गाजलेल्या खून खटल्यात नानावटींना ८ विरुद्ध १ ने सोडलं होतं, तरी हायकोर्टाने...

ट्रेंटनकर: ताई, इथली ज्युरी किती विरुद्ध किती होती?

मृण्मयी_व्हीए: आमच्या वकिलाने नंतर विचारलं. १० जण सोडा म्हणत होते.

ट्रेंटनकर: मग लढाच!

खडूस_काका: लढा म्हणायला तुमचं काय जातं? एकमत झालं नाही तर पुन्हा खटला चालवता येतो, १८२४ पासूनचा इथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. पुढच्या १२ मध्ये हे १० नसणार. माझ्या मेहुण्याने डील घेतलं, आज मजेत आहे.

ट्रेंटनकर: मेहुणा सिटिझन असेल.

एच४_वाली: तेच विचारणार होते. भाऊ सिटिझन की ग्रीनकार्ड? आणि कागदावर शिक्षा किती?

मृण्मयी_व्हीए: ग्रीनकार्ड. त्याचा काय संबंध? १२ महिने, पण सगळे स्थगित. म्हणजे शून्यच ना?

एच४_वाली: नाही हो! इमिग्रेशन स्थगित शिक्षाही पूर्ण मोजतं. हिंसेचा गुन्हा आणि एक वर्ष शिक्षा म्हणजे ॲग्रव्हेटेड फेलनी, इमिग्रेशन कायद्यातला गंभीर गुन्ह्यांचा वर्ग. ग्रीनकार्ड असलं तरी परत पाठवतात, सुटकेच्या वाटा फार थोड्या. ३६४ दिवस लिहून देतात का विचारा. एका दिवसाने ते कलम टळतं, बाकीची उरतात, म्हणून सहीआधी इमिग्रेशनचा वकील गाठा. तुमच्या वकिलानेही हा धोका सांगायलाच हवा होता, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा पडिला निकाल बघा.

खडूस_काका: मग अल्फर्ड प्ली घ्या. गुन्हा कबूल करावा लागत नाही.

एच४_वाली: काका, इमिग्रेशनच्या लेखी तीही दोषीच. कशाला घोळ घालताय?

मृण्मयी_व्हीए: कागद पुन्हा काढला. ३६५ दिवस लिहिलेत. वकिलाला आत्ता फोन लावतेय, उचलत नाहीये.

सातारी_वकील: पार्किंगमध्ये कॅमेरा नव्हता का?