जाखडीच्या (कोकणातल्या लोकनृत्याच्या) गाण्याचा लिरिक व्हिडिओ लवकर कसा उरकेल?

गुहागरकर: गणपतीआधी हवाय. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये ओळन् ओळ हाताने जुळवतोय, संपता संपत नाही. त्यात जोडाक्षरं फुटतात.

देवगडकर: मजकूर नंतर. आधी ऑडिओ वाजवत नमपॅडवरचं (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळांमधलं) * दाबून ठेक्यावर मार्कर, म्हणजे खुणा, टाका. सेकंदाला 25 फ्रेम आणि 100 बीपीएम (मिनिटाला ठोके), म्हणजे ठोक्याला 15 फ्रेम. पण जाखडीत लय चढत जाते, तिथे हे गणित फसतं. कानावरच भिस्त ठेवा.

मालवणकर: जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे साउथ एशियन इंजिन निवडा. अक्षरं हलवणाऱ्या टेक्स्ट अ‍ॅनिमेटरच्या 'बेस्ड ऑन'मध्ये कॅरेक्टर्स नको, वर्ड्स ठेवा.

देवगडकर: आणि झीलकऱ्यांची (मागून साथ देणाऱ्या गायकांची) ओळ एकदाच बनवा हो! प्रीकॉम्प करून, म्हणजे तिचे लेयर एकात बांधून, पुढे कॉपी. लय वाढली तिथे टाइम रिमॅपने (वेग बदलणाऱ्या सोयीने) आवळा.