मदत हवी आहे : गोधडीला मधोमध चुण्या पडताहेत

नमस्कार मंडळी,

बहिणीच्या बाळासाठी पहिल्यांदाच हाताने गोधडी शिवते आहे. आत आजीच्या दोन सुती नऊवारींचे थर आहेत, धुऊन धुऊन इतक्या मऊ झाल्यात की बाळाला त्याहून चांगलं काही मिळणारच नाही. वरचे तुकडे पुण्याच्या जुन्या बाजारातून ८० रुपयांत आणले. खर्च एवढाच, बाकी दोरा घरचाच.

चारही कडा दुमडून टाचल्या आणि कडेकडेने आत धावदोरा घालत आले. पण मध्यापर्यंत पोहोचेतो वरचं कापड फुगलं आणि खालचे थर सरकले. आता हात फिरवला की चुण्या लागतात आणि बाळाच्या पाठीला त्या टोचतील याचीच काळजी वाटते.

आधी जमिनीवर ताणून सगळीकडे कच्चे टाके घालायला हवे होते का? ते किती अंतरावर? आता सगळं उसवू, की मधल्या चार-पाच ओळी उसवून भागेल? शिवाय बाजारातलं कापड मी न धुताच वापरलंय, ते नंतर आटेल का?

आजी असती तर तिलाच विचारलं असतं. बारसं पुढच्या महिन्यात आहे, ज्यांनी गोधड्या शिवल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.