मिलवॉकीत चार महिने : गाडी चालवता येत नाही, चित्रं काढायची आहेत, गाणं ऐकायचं आहे

सुरसागरकाठचा :

नमस्कार मंडळी.

मी वडोदऱ्याचा, राहतो दांडिया बाजारात. इथल्याच फाइन आर्ट्समध्ये शिकलो आणि ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत मिलवॉकीला चाललोय, सप्टेंबरपर्यंत. मुलगा म्हणतो शहर फार मोठं नाही, पावणेसहा लाखांची वस्ती, आपल्या वडोदऱ्याच्या निम्मीसुद्धा नाही. पण तळ्याकाठचं आहे. आपल्या सुरसागराच्या एका काठावर उभं राहिलं की पलीकडच्या काठावरची माणसं दिसतात. तिथलं तळं म्हणजे लेक मिशिगन, त्याची लांबी ४९४ किलोमीटर. नकाशात पाहिल्यापासून हे पाणी कागदावर कसं उतरवायचं, हाच विचार डोक्यात आहे.

आता खरी काळजी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीला भाच्याकडे दोन महिने राहिलो. भाचा आणि सून दोघंही गुणी, प्रेमाने केलं सगळं. पण घर अशा ठिकाणी की फुटपाथ दोनशे पावलांवर संपायचा आणि पुढे नुसता मोठा रस्ता. आम्हा दोघांना गाडी चालवता येत नाही. मी एकाच खिडकीतून एकाच झाडाची चाळीस स्केचेस केली. हिचं तर गाणंच थांबलं. ही आपल्या संगीत महाविद्यालयात शिकलेली, रोज पहाटे तासभर बसते. तिथे भिंती पातळ, शेजारी झोपलेले, म्हणून आवाज दाबून गायची, आणि मग एक दिवस बसायचंच सोडलं. परत आल्यावरही महिनाभर तानपुऱ्याची गवसणी काढली नव्हती. ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाही.

मुलगा-सून दोघंही नोकरीला. सकाळी साडेसातला जातात, सहाला येतात. शनिवार-रविवारी ते हौसेने फिरवतीलच, त्याबद्दल विचारत नाही. मला मंगळवारचं आणि गुरुवारचं सांगा.

‘पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ इंटरनेटवर पुष्कळ आहेत. मला ती नकोत. आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियमची पिक्चर गॅलरी मी किती वेळा पाहिली असेल, मोजलं नाही. काही चित्रांपुढे आजही जाऊन बसतो. कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोसांच्या गंगावतरणाखाली मुलांना घेऊन गेलो आहे, दरवर्षी गेलो, आणि दरवर्षी मला त्या भिंतीत नवीन काही दिसलं. तशी जागा हवी. जिथे आज गेलो, परवा पुन्हा गेलो, दोन तास वही उघडून बसलो तरी कोणी उठवणार नाही. चालत किंवा बसने जाता यावं. मुलाचं घर ईस्ट साइडला, तळं पंधरा मिनिटांवर आहे.

आणि हिच्यासाठी गाणं. आपलं शास्त्रीय मिळेल अशी अपेक्षा नाही. पण जिवंत, समोर बसून ऐकायचं, वाद्यावर माणसाचा हात पडलेला दिसायला हवा. रियाझाचंही कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा.

कारेलीबागची आजी :

भाऊ, नमस्कार. मी गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिथेच होते, त्यामुळे तुमची काळजी कळते.

पहिलं थंडीचं ऐका. मे म्हणजे आपल्याकडे ४२ अंश, म्हणून सुती कपडे घेऊन जाल आणि पस्तावाल. तळ्याचं पाणी तोवर गारच असतं आणि तिकडून वारा आला की काठावर हुडहुडी भरते. गावात आत ऊन आणि काठावर स्वेटर, असं एकाच दुपारी होतं. तिथल्या बातम्यांत हवामान सांगतानाही ‘तळ्याजवळ गारवा’ असं वेगळं सांगतात. पातळ लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी पिशवीतच ठेवा. गाणाऱ्या माणसाने घसा जपायला हवा.

तळ्याकाठचं आर्ट म्युझियम तुमचंच ठिकाण. इमारतीच्या डोक्यावर पांढरे पंख आहेत, ते सकाळी उघडतात, दुपारी बाराला एकदा मिटून पुन्हा उघडतात. मी बाबागाडी घेऊन रोज बाराला समोरच्या पुलावर उभी असायची. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आत जायला पैसे नाहीत. सोमवार-मंगळवार बंद, तेव्हा तुमच्या मंगळवारसाठी दुसरं शोधावं लागेल.

दुसरं म्हणजे मिचेल पार्कचे डोम. काचेचे तीन घुमट, साधारण ८५ फूट उंच, १९६०च्या दशकात पुरे झाले. एकात वाळवंटातली झाडं, एकात आपल्याकडच्यासारखं दमट रान, तिसऱ्यात ऋतूप्रमाणे फुलं बदलतात. बाहेर गारठा असताना दुसऱ्या घुमटात शिरले आणि ओल्या मातीचा वास आला, तेव्हा मला आपला आषाढ आठवला. बाळाला घेऊन केळीखाली बसून राहिले. काँक्रीट जुनं झाल्यामुळे हे घुमट ठेवायचे की पाडायचे यावर तिथे बरीच वर्षं वाद चालला, आणि ते पाडू नयेत म्हणून तिथली माणसं जीव तोडून बोलायची. मला फार आवडलं ते.

समरफेस्टबद्दल लोक पहिल्यांदा सांगतील. १९६८पासूनचा मोठा संगीतमेळा आहे, जून-जुलैत तीन आठवडे, गुरुवार ते शनिवार, अगदी तळ्याला लागून. एकाच वेळी अनेक रंगमंचांवर गाणं चालतं. वहिनींना नेणार असाल तर दुपारीच न्या. रात्री आवाज छातीत बसतो, मला सोसला नाही.

आणि फ्रोझन कस्टर्ड म्हणून आइस्क्रीमसारखं मिळतं, सगळे आग्रह करतात. त्यात अंड्याचा बलक असतो. तुमच्याकडे चालत नसेल तर आधीच माहीत असू द्या. मला तिसऱ्या वेळी कळलं.

रावपुऱ्याचा विस्कॉन्सिनकर :

काका, मी मूळचा रावपुऱ्याचा, गेली अकरा वर्षं मिलवॉकीजवळ राहतो. आजींनी म्युझियमचं सांगितलंच, मी चित्रकाराच्या कामाचं थोडं वाढवतो.

पंखांचा भाग वास्तुकार सांतियागो कालात्रावाचा, २००१ मध्ये पुरा झाला, अमेरिकेतली त्याची पहिली इमारत. पंखांचा पसारा २१७ फूट, म्हणजे साधारण बोइंग ७४७ एवढा. उघडायला साधारण साडेतीन मिनिटं लागतात. वारा ताशी ३७ किलोमीटरच्या वर गेला की सेन्सर ते आपोआप मिटवतात. त्याला जोडूनच ईरो सारिनेनची १९५७ची इमारत आहे. सगळे पंखांचे फोटो काढतात आणि तिच्याकडे पाठ करतात. तुम्ही तसं करू नका. आत जॉर्जिया ओ’कीफची चित्रं आहेत, ती याच राज्यात सन प्रेअरीला १८८७ मध्ये जन्मली. गॅलरीत पेन्सिल चालते, रंग नाही.

पण तुमच्यासारख्या शिक्षकाला मी हात धरून नेईन ते ग्रोमन म्युझियममध्ये. इंजिनीअरिंग कॉलेजचं छोटं म्युझियम आहे, गर्दी नसते. तिथे चित्रांचा विषय एकच, काम करणारा माणूस. लोहार, चांभार, खाणकामगार, शेतकरी, ओतकाम करणारे, अशी हजाराहून जास्त चित्रं आणि शिल्पं. वडोदऱ्याच्या कलाभवनात हातकौशल्य आणि चित्रकला एकाच छपराखाली शिकवणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला ते आपलं वाटेल. मला वाटलं.

ईस्ट साइडला राहताय म्हणजे ओरिएंटल थिएटर चालत अंतरावर. १९२७चं सिनेमागृह, आत बुद्धाच्या मूर्ती, हत्ती, सगळी सजावट भारताच्या कल्पनेवरून केलेली. आपल्याला त्यात चुका दिसतात, तरी एकदा दिवे मंद असताना वर बघा.

काकूंसाठी : हम्बोल्ट पार्कात उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी फुकट गाणं असतं, गवतावर चादर टाकून बसायचं. म्हणजे तुमचा मंगळवार लागला. आणि सेंट जोसाफात बॅसिलिकात एकदा नक्की न्या. पोलिश कामगारांनी उभं केलेलं चर्च, शिकागोच्या पाडलेल्या पोस्ट ऑफिसचे दगड आणून, १९०१ मध्ये पुरं झालं. घुमटाखाली आवाज कसा फिरतो ते काकूंना कळेल, मला सांगता येणार नाही.

उतरल्यावर निरोप ठेवा. पहिल्यांदा मी नेतो, बस कुठे बदलायची ते दाखवतो.

इंदुरी सूर :

एकच सांगायचं आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा नेत असाल तर मागची पट्टी वाचा. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. नुसती पिन बदलून भागत नाही. माझ्या आईची तानपुऱ्याची पेटी तिथे चालूच झाली नाही आणि तिने पंधरा दिवस रियाझ केला नाही. आता ती फोनवरच्या तानपुऱ्याला छोटा स्पीकर जोडते. आणि रियाझ पहाटेच हवा असा हट्ट नको. सकाळी अकराला इमारत रिकामी असते, तेव्हा मोकळ्या गळ्याने गाता येतं. वहिनींना माझा नमस्कार.

सुरसागरकाठचा :

परत आलो, मंडळी. दहा दिवस झाले. आधी लिहायला हवं होतं, पण वह्या लावत बसलो होतो.

आजी, कानटोपी कामाला आली, जूनच्या मध्यापर्यंत. रावपुऱ्याच्या चिरंजीवाने पहिल्या दोन फेऱ्या सोबत केल्या, त्यानंतर आम्ही दोघंच हिंडलो.

पंखांचं सांगतो. पहिले चार दिवस मी सगळ्यांसारखा नुसता पाहत राहिलो. पाचव्या दिवशी ठरवलं, उघडायला लागल्यापासून पुरे उघडेपर्यंत पेन्सिल उचलायची नाही आणि कागदाकडे बघायचं नाही. शाळेत मी मुलांना कमाटीबागेत पक्ष्यांपुढे बसवून हेच करायला लावायचो. सुरुवातीला रेघ तुटक यायची, हात थरथरायचा. ऑगस्टपर्यंत हात सावकाश झाला. एकूण २६ कागद झाले. त्यातले तीन मला माझे वाटतात. एकदा वाऱ्यामुळे पंख मध्येच मिटायला लागले आणि माझी रेघ उघडण्याच्या दिशेने निघून गेली होती. तो कागद मी मुलाला दिला.

ग्रोमनमध्ये नऊ वेळा गेलो. तिथे लोहाराच्या चित्रांमधे भट्टीचा उजेड माणसाच्या कोणत्या बाजूला घेतला आहे, एवढंच दोन दिवस पाहत बसलो. माझ्या आजोबांचं कलाभवनातलं सुतारकाम आठवलं. ते रंधा मारताना डावा पाय पुढे घ्यायचे, आणि एका चित्रातल्या सुताराचाही डावाच पाय पुढे होता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तळ्याकाठी व्हेटरन्स पार्कात पतंगांचा मेळा होता, त्याबद्दल इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. उत्तरायण पाहिलेल्या माणसाला वेगळंच वाटतं. पतंग प्रचंड, घराएवढे मासे आणि ऑक्टोपस, पण काटाकाटी नाही, मांजा नाही, ओरडा नाही. आधी मला ते अळणी वाटलं. मग तासाभराने कळलं की पतंग कापला जाणार नाही म्हणून माणसं निवांत त्याच्याकडे बघत बसतात. ती माणसंच मी काढली, मान वर केलेली.

सगळंच जमलं असं नाही. गावात ठरावीक महिन्यांत गॅलरी नाइट असते, त्या संध्याकाळी अनेक गॅलऱ्या उघड्या असतात. जुलैत गेलो. उभं राहायला जागा नाही, बसायला तर नाहीच, आणि चित्रापुढे माणसांची पाठ. त्याच गॅलऱ्या मी नंतर बुधवारी दुपारी शांतपणे पाहिल्या, तसंच करावं.

आता हिचं. इंदूरकरांचा सल्ला मानला, तानपुरा फोनवर, अकराची वेळ. पण जूनमध्ये हिने स्वतःच पहाटे तळ्यावर जायचं काढलं. दगडांवर बसून गायची. पहिल्या दिवशी म्हणाली, इथे आवाज परतच येत नाही, टाकला की गेला. खोलीत भिंत आवाज परत देते, त्या आधाराची सवय असते. आठवडाभर ती जोर लावत राहिली आणि घसा बसला. मग जोर सोडला, नुसता षड्ज धरून बसायला लागली. सकाळी धावणारी माणसं जाताना हात करायची. एक म्हातारे गृहस्थ रोज थोड्या अंतरावर कुत्र्याला घेऊन थांबायचे आणि ती थांबली की निघून जायचे. इतक्या दिवसांत एक शब्द बोलले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी हिने त्यांना नमस्कार केला, त्यांनी टोपी काढली.

मंगळवारच्या गवतावर आम्ही आठ वेळा गेलो. पितळी वाद्यांचा एक जथा आला होता, त्यातल्या वाजवणाऱ्याच्या फुगलेल्या गालांकडे बघून ही म्हणाली, हा दम कुठून घेतो ते मला कळलं. मला नाही कळलं.

सेंट जोसाफातला घुमटाखाली तिने फक्त ओठांत सूर धरला. बाहेर आल्यावर बराच वेळ बोलली नाही.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट : जलरंगाचा जाड कागद इथूनच न्या, तिथे फार महाग आहे. टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, तेलरंगवाल्यांनी ते तिथेच घ्यावं. कुणाला कागद पाहायचे असतील तर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ मी सुरसागराच्या काठावर असतो, वही बरोबर असते.