मदत हवी आहे: वैधता प्रमाणपत्राची पोच चालते का? 17 तारीख शेवटची

सीमेवरचा (12 नोव्हेंबर 2025, रात्री 10:40)
नमस्कार मंडळी. घाईत लिहायलोय, चूकभूल माफ करा. वहिनी नगरसेवकपदाला उभ्या राहायल्यात. अर्जाची शेवटची तारीख सोमवार 17, दुपारी 3 पर्यंत. जात वैधता प्रमाणपत्र अर्जासोबत लावावंच लागतं का, की जात पडताळणी समितीकडं अर्ज केल्याची पोच चालते? एक वकील म्हणतात चालते. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात छाननीतच अर्ज उडेल. दोन दिवस घरात हेच चालू आहे. बाकी थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, शपथपत्र, सगळं तयार आहे. एवढं एकच अडलंय. ज्याला नक्की माहीत आहे त्यानंच सांगा.

गोदाकाठ (रात्री 10:52)
नगरपरिषद की नगरपंचायत? प्रभाग कितवा? जागा अ की ब? आरक्षण काय पडलंय? पक्षाकडून की अपक्ष? यातलं काहीच लिहिलं नाही भाऊ, नक्की सांगायचं तरी कसं?

पडलेला_पण_उभा (रात्री 11:05)
पोच चालते. पोच आणि हमीपत्र जोडायचं, निवडून आल्यावर मुदतीत वैधता आणून द्यायची. पण माझं ऐकाल तर अपक्ष उभं राहू देऊ नका. मी 2016 ला अपक्ष होतो, 38 मतांनी पडलो. त्या 38 मतांचा हिशोब आजही तोंडपाठ आहे, कोणत्या गल्लीत किती. पॅनल करा. नगराध्यक्ष थेट जनतेतून आहे, त्या उमेदवाराच्या लाटेत नगरसेवक तरून जातात. मतदाराला तीन मतं असतात: एक नगराध्यक्षाला, एक प्रभागातल्या अ जागेला, एक ब जागेला. एकट्या अपक्षाला लोक आपलं एक मत देतात आणि बाकी दोन समोरच्या पॅनलला देऊन येतात.

खडकवासी (रात्री 11:20)
सूचक आणि अनुमोदक एकेक घ्या, दोघंही प्रभागातले मतदार पाहिजेत. आमच्या वॉर्डात हीच पद्धत आहे.

गोदाकाठ (रात्री 11:31)
खडकवासी, तुम्ही पुण्याचे. ते महापालिकेचं झालं. हा दादा लहान गावातला आहे, त्याला नगरपरिषदेचा नियम लागू. तिथं मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला पाच लागतात. माणूस चार दिवसांवर आलाय, चुकीचं सांगू नका.

सीमेवरचा (13 नोव्हेंबर, सकाळी 6:15)
सर्वांचे आभार. क वर्ग नगरपरिषद आहे, लातूर-बीदर सीमेकडचं गाव. नाव लिहीत नाही, गावातले लोक इथं वाचतात. प्रभाग 4, जागा अ, नागरिकांचा मागास प्रवर्ग (ओबीसी) महिला. अपक्षच. पक्षाकडं मागितलं होतं, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, दुसऱ्या घरात गेला. पाच सूचक मिळतील, गल्ली आपली आहे. मुलं दोनच, 2009 आणि 2013 ची. फक्त पोचेचं सांगा.

मांडवीकाठ (सकाळी 7:40)
आमच्या गोव्यात पालिकेच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्हच नसतं, सगळे आपापल्या चिन्हावर लढतात, आणि नगराध्यक्ष निवडून आलेले नगरसेवक ठरवतात. तुमच्याकडे ही पद्धत का आणत नाहीत?

पडलेला_पण_उभा (सकाळी 7:58)
आमच्याकडेही मधे नगरसेवकच निवडायचे. 2016 ला थेट केलं, 2020 ला रद्द केलं, 2022 ला परत थेट केलं. सरकार बदललं की पद्धत बदलते. मी म्हणतो थेटच चांगलं, नाहीतर निकालानंतर नगरसेवक सहलीला नेऊन ठेवतात.

गोदाकाठ (सकाळी 8:04)
आणि थेट निवडून आलेल्या अध्यक्षाचं सभागृहात बहुमत नसेल तर पाच वर्षं एकही ठराव सुखानं होत नाही, ते कोण बघतो? असो, वेगळा धागा काढा. या माणसाचं काम होऊ द्या.

दप्तरी (सकाळी 9:30)
मी पालिकेच्या सेवेत होतो, चार निवडणुकांना टेबलावर बसलोय. पोचेबद्दल वर सांगितलंय ते बरोबर आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ती पोच कोणत्या दाखल्याच्या आधारावर मिळणार? समितीकडे जाण्याआधी उमेदवाराच्या स्वतःच्या नावाचं जात प्रमाणपत्र लागतं. ते वहिनींकडे आहे का? असेल तर माहेरच्या नावाचं असेल, मग मतदार यादीतलं सासरचं नाव आणि ते नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडावं लागेल. हे तयार आहे का?

सीमेवरचा (सकाळी 9:47)
काका, जात प्रमाणपत्र दादाचं आहे. वैधतापण दादाची आहे, 2014 ला काढलेली. ती लावून वहिनींच्या नावानं समितीकडं अर्ज टाकणार होतो. लग्न झाल्यावर जात नवऱ्याचीच धरतात ना? आणि आमची जात दोन्हीकडं एकच आहे, सोयरीकच तशी झालेली.

दप्तरी (सकाळी 9:55)
नाही. लग्नानं जात मिळत नाही, जात वडिलांकडून येते. दादाच्या कागदांचा वहिनींना काडीचा उपयोग नाही. वहिनींच्या वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, जुनं महसुली कागद, यावर त्यांचं प्रमाणपत्र निघतं. माहेर कुठलं?

सीमेवरचा (सकाळी 10:02)
भालकी.

दप्तरी (सकाळी 10:10)
भालकी म्हणजे बीदर जिल्हा, कर्नाटक. वडील पहिल्यापासून तिथलेच?

सीमेवरचा (सकाळी 10:14)
हो, शेती तिथंच. पण काका, तिकडंपण आमची जात ओबीसीतच आहे. वहिनींचा कर्नाटकचा दाखलापण आहे.

दप्तरी (सकाळी 10:40)
मग मन घट्ट करून ऐका. दुसऱ्या राज्यातल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात राखीव जागा मिळत नाही, जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी. इतर मागासवर्गासाठी आपल्याकडे 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख धरतात. त्या दिवशी त्यांचं कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. लग्न करून इकडे आलं म्हणून तो हक्क येत नाही. पोच लावून छाननीतून निघालात तरी पुढे समिती दावा फेटाळणार, आणि मग निवडून आलेलं पद जातं. 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं कोल्हापूरच्या नगरसेवकांच्या प्रकरणात वैधतेची मुदत पाळावीच लागते असं सांगितलं, तेव्हा राज्यभर धावपळ झाली होती. पुढे सरकारनं मुदत वाढवली, पण मुदत कितीही वाढली तरी जे प्रमाणपत्र निघणारच नाही ते कुठून आणणार?

बालाघाट (सकाळी 11:05)
हा सरळ अन्याय आहे. 1956 च्या आधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. भालकी आणि उदगीर एकाच जिल्ह्यातले, एकाच निजामाच्या राज्यातले. राज्यं नव्यानं आखली, रेघ मारली आणि सोयरिकीच्या मधून सीमा गेली. आजही भालकीच्या बाजारात मराठी ऐकू येते. वहिनींनी अर्ज भरावा, समितीसमोर हेच मांडावं, मी इतिहासाचे संदर्भ काढून देतो.

दप्तरी (सकाळी 11:20)
बालाघाट, तुमच्या इतिहासात चूक नाही. माझी आई औराद तालुक्यातली, मला ही रेघ घरातून माहीत आहे. पण समिती जिल्हा बघत नाही, 1967 ला हे कुटुंब कुठं होतं ते बघते. भालकीत होतं. विषय तिथं संपतो.

बालाघाट (सकाळी 11:26)
म्हणजे लढायचंच नाही?

दप्तरी (सकाळी 11:33)
लढायचं असेल तर पाच वर्षं हातात ठेवून न्यायालयात लढा. दुसऱ्याच्या वहिनीच्या अर्जावर नको.

कर्‍हाकाठची (दुपारी 12:15)
मी एक टर्म नगरसेविका होते, 2016 ची. मघापासून वाचतेय. सीमेवरचा दादा, जात, पोच, दाखला, दादांची वैधता, सगळं लिहिलंत. उमेदवार तुमच्या वहिनी आहेत. त्यांना हे सगळं ठाऊक आहे का? अर्जावर सही त्यांची, शपथपत्रावर सही त्यांची, उद्या पद गेलं तर नाव त्यांचं जाणार. माझ्या वेळी माझे मिस्टर आणि सासरे कागद करत होते आणि शपथपत्रात माझ्या माहेरच्या शेतातला माझा हिस्सा लिहायचाच राहिला होता. मला कोणी विचारलंच नव्हतं. रात्री वाचायला बसले म्हणून सापडलं. वहिनींना फोन द्या.

सीमेवरचा (दुपारी 1:30)
ताई, तुमचं बरोबर आहे. आम्ही त्यांना फक्त सही करायला बोलावणार होतो. आता सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. दादा गप्प बसलाय. वहिनी म्हणल्या, मग ब मधून भरू. ब सर्वसाधारण आहे. पण ब ला माजी नगरसेवक आहेत, दोन टर्मचे. दुसरा रस्ता म्हणजे प्रभाग 7 अ, ती सर्वसाधारण महिला आहे, तिथं अजून तरी दमदार कोणी नाही. आमचं नाव यादीत 4 मध्ये आहे. 7 मधून भरता येतं का?

दप्तरी (दुपारी 1:41)
येतं. उमेदवाराचं नाव शहराच्या यादीत कुठल्याही प्रभागात चालतं. सूचक मात्र पाचही प्रभाग 7 चेच पाहिजेत. आणि सर्वसाधारण जागेला जातीचा कागदच लागत नाही, तुमची मूळ अडचणच मिटते. सर्वसाधारण जागेवरून महिला उभी राहू शकते, हेही लोकांना सांगावं लागतं. ब म्हणजे पुरुषांची असा समज पसरलेला आहे.

पडलेला_पण_उभा (दुपारी 1:50)
7 घ्या. डोळे झाकून 7 घ्या. दोन टर्मच्या माणसासमोर अपक्ष बाई म्हणजे पैसा पाण्यात. क वर्गाला नगरसेवकाची खर्चमर्यादा अडीच लाख आहे, समोरचा किती उडवेल ते तुम्हाला माहीत आहे.

कर्‍हाकाठची (दुपारी 2:05)
वहिनींना 7 मध्ये किती घरं नावानं ओळखतात?

सीमेवरचा (दुपारी 2:40)
ताई, वहिनी शेजारी बसून सांगायल्यात, मी लिहितो.
«7 मध्ये माझ्या ओळखीची दहा घरं असतील. 4 मध्ये मला प्रत्येक नळ माहीत आहे. माझ्याकडं पाण्याची वही आहे, शंभर पानी, ही तिसरी. 2019 च्या उन्हाळ्यापासून लिहायले. कोणत्या तारखेला नळ आला, किती वाजता, किती मिनिटं. पहाटे तीनला आला असला तर तेपण. आमच्याकडं आठव्या-नवव्या दिवशी नळ येतो, एकदा अठरा दिवस आला नव्हता. बचत गटाच्या बायका मला वाटेत थांबवून विचारतात, ताई वहीत बघा, आज येतो का. टाकीपासून पहिल्या गल्लीला चाळीस मिनिटं येतं, मशिदीमागच्या गल्लीला बारा. व्हॉल्व्ह कोणता अर्धाच उघडतात ते मला माहीत आहे. चार वर्षं प्रशासक आहे, वही घेऊन तीनदा गेले, ठेवून जा म्हणले. मी वही ठेवत नसते. मी उभी राहायले ते या वहीसाठी. 7 ची वही माझ्याकडं नाही.»

कर्‍हाकाठची (दुपारी 2:52)
वहिनी, 4 ब भरा. आणि त्या वहीचे फोटो काढून ठेवा, आजच.

पडलेला_पण_उभा (दुपारी 3:10)
भावना समजते, पण मतं वहीला पडत नाहीत. माझ्याकडे रस्त्याची सगळी फाईल होती.

गोदाकाठ (दुपारी 3:18)
फाईल कपाटात होती ना? यांची वही गल्लीनं पाहिलेली आहे. फरक आहे.

मतपेटी (दुपारी 3:40)
बॅनरसाठी माझ्याकडं चांगले नमुने आहेत, हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाचेपण. आणि नाव मतपत्रिकेवर वर येण्यासाठी आडनावाचं आद्याक्षर कसं लिहायचं त्यावर मी पूर्वी लिहिलंय.

दप्तरी (दुपारी 4:05)
बॅनर नंतर. ब चं ठरलं असेल तर हे बघा. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून त्याची छापील प्रत काढतात. त्यात जागा बदलायला विसरू नका, तुम्ही आधीच 4 अ निवडून ठेवलं असेल. ही चूक मी टेबलावर पाहिली आहे. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं, जुनं बचत गटाचं चालणार नाही. हिशेब रोजच्या रोज लिहा, वहिनींना ते जड जाणार नाही. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, हरलात तरी द्यायचा. तो न दिल्यानं माणसं पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरतात. सूचकांचे यादीतले अनुक्रमांक कोणी तोंडी सांगितले म्हणून लिहू नका, अंतिम प्रभागनिहाय यादी उघडून स्वतः बघून लिहा. आणि सोमवारवर ठेवू नका.

सीमेवरचा (14 नोव्हेंबर, रात्री 9:20)
खातं उघडलं. अर्जात खरंच 4 अ होतं काका, बदललं. चार सूचक झाले. पाचव्या आजी आहेत, अंगठा देतात. चालेल का? का दुसरं कोणी बघू? वहिनी म्हणतात त्याच पाहिजेत, मशिदीमागच्या गल्लीतल्या आहेत, बारा मिनिटंवाल्या.

दप्तरी (रात्री 9:34)
अंगठ्याला मनाई नाही, पण तो अधिकाऱ्यासमोर घ्यावा लागेल असं धरून चला. आजींना सोबत न्या, रिक्षा करा, मतदार ओळखपत्र बरोबर असू द्या. आणि सहावं नाव तयार ठेवा, वहिनींना न सांगता.

कर्‍हाकाठची (रात्री 9:41)
सांगून ठेवा. न सांगता आता काही नको.

सीमेवरचा (18 नोव्हेंबर, दुपारी 4:50)
छाननी झाली. अर्ज वैध. प्रभाग 4 ब. आजी अधिकाऱ्यासमोर अंगठा देऊन आल्या, परतताना नळाच्या दिवसाबद्दल विचारत होत्या. चिन्ह 26 ला मिळेल. वहिनींनी विचारायला सांगितलंय: प्रचाराच्या पत्रकात वहीचं एक पान जसंच्या तसं छापलं तर आचारसंहितेत काही अडचण आहे का? पान 2024 च्या एप्रिलचं आहे.

दप्तरी (सायंकाळी 5:15)
स्वतःची नोंद आहे, खरी आहे, कोणा व्यक्तीवर आरोप नाही, तर अडचण दिसत नाही. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव, प्रतींची संख्या घाला, आणि छपाईची पावती खर्चात धरा. पान मला पाठवा, मला बघायचं आहे.