ब्रश कटरचा एकच जोड सैल का होतो?

प्रश्न : माझ्या पेट्रोलवरील ब्रश कटरला गवत कापण्याचा, कुंपण छाटण्याचा आणि फांद्यांच्या करवतीचा असे जोड बदलून लावता येतात. मात्र करवतीचा जोड नॉब घट्ट आवळूनही थोड्याच वेळात डुगडुगू लागतो. काय तपासावे?

उत्तर १ : आधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. नॉब जोडाच्या नळीला फक्त आवळून धरतो. जोड अडकवून ठेवण्याचे खरे काम स्प्रिंगच्या खिट्टीचे असते, आणि ती भोकातून पूर्ण वर आली नसेल तर नॉब कितीही पिळला तरी कंपनांनी सैल होणारच. आतला शाफ्ट (इंजिनची गती पुढे नेणारा फिरता दांडा) नीट जुळला नाही की जोड किंचित बाहेर राहतो, म्हणून तो हलकेच फिरवत, खिट्टीचा ‘खट्’ आवाज येईपर्यंत आत ढकलावा.

उत्तर २ : बाकीचे जोड घट्ट बसत असतील, तर दोष बहुधा याच जोडाच्या नळीत असावा. तिचे गोल भोक झिजून लांबट झाले असल्यास नळी बदलावी. टेप गुंडाळण्याचा जुगाड मात्र नको. त्याने भोकाची झीज भरून निघत नाही.

प्रश्नकर्ता : भोकात तेल आणि भुशाचा लगदा गच्च बसला होता. तो काडीने कोरून काढल्यावर खिट्टी पूर्ण वर आली आणि जोड हलायचा थांबला.